शेजारच्या सीटचा ब्रेक

बंदर क्रमांक २
५ जानेवारी

ती. दादास साष्टांग नमस्कार.

टेबलाच्या काचेखाली ठेवलेली चिठ्ठी मिळाली असेलच, आणि ती वाचून तू वहिनीवर ओरडलाही असशील. तिला बिचारीला खरंच काही माहीत नव्हतं. जहाजाचं तिकीट मी चार महिन्यांपूर्वीच काढून ड्रॉवरमध्ये पावतीपुस्तकांखाली ठेवलं होतं. तो ड्रॉवर तू कधी उघडत नाहीस. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाला नसतास, पण इतके प्रश्न विचारले असतेस की शेवटी मीच नको म्हटलं असतं. एकतीस वर्षं तुझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या काउंटरवर बसले. अडीच महिने नाही बसले तर गाड्यांची चाकं काही थांबणार नाहीत.

जहाज दर काही दिवसांनी एका बंदराला लागतं, सकाळी थांबतं आणि संध्याकाळी सुटतं. प्रवाशांत दोन जाती आहेत. एक, जे जहाजाच्या सहलीचे पैसे भरतात. त्यांच्या छातीवर आकड्याचा गोल कागद चिकटवतात आणि शाळेच्या पोरांसारखं रांगेत बसमध्ये घालतात. दुसरी जात आपली आपण पायी सुटणाऱ्यांची. मी कोणत्या जातीत असेन असं तुला वाटतं?

आज एकटी चालले. फाटकाबाहेर टॅक्सीवाले अंगावर आले, त्यांना नको नको म्हणत सरळ पुढे गेले. घड्याळाचा मनोरा, मासळीबाजार, एक वाचनालय, तिथून पायऱ्या, आणि वर एक बाक. बाकावर तासभर नुसती बसले. मला शोधत कुणी येणार नव्हतं. दादा, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

एकच गोष्ट डोक्यात ठेवायची, ती म्हणजे जहाजाची वेळ. गावातल्या घड्याळात काहीही वाजलेलं असो, जहाज आपल्याच वेळेने सुटतं आणि कुणासाठी थांबत नाही. म्हणून मनगटावर मी जहाजाची वेळ लावून ठेवली आहे. सध्या घरच्यापेक्षा दोन तास मागे.

जेवणाच्या टेबलावर शेजारी एक दातांचे डॉक्टर असतात. आता निवृत्त आहेत. त्यांनाही छातीवर कागद चिकटवून घ्यायचा नाही. पुढच्या बंदरात बरोबर चालू म्हणाले.

बंदरांची यादी आणि पत्ते सोबत पाठवते. तिथल्या कंपनीच्या ऑफिसात पत्र टाकलंस की मला मिळेल. फोन नको. फोनवर तू नुसतं "काय? काय?" करतोस.

तुझी
मुंगी


१३ जानेवारी

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी मिळाली आणि पत्रही मिळालं. मी कुणावर ओरडलो नाही. वहिनीला फक्त मोठ्या आवाजात विचारलं.

गेलीस ते गेलीस, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. ज्या माणसाने तुला सायकलपासून सगळं शिकवलं त्याला काचेखाली चिठ्ठी, आणि टेबलावर भेटलेल्या परक्या माणसाला "बरोबर चालू". चालू दे. हे डॉक्टर कोण, कुठले, घरी कोण कोण असतं, यातलं एक अक्षर पत्रात नाही. जो माणूस आयुष्यभर लोकांना तोंड उघडायला लावत आला, तो स्वतःबद्दल किती बोलतो हे बघून घे.

पायी फिर, हरकत नाही. पण बंदरापासून मैलभराच्या पलीकडे जाऊ नकोस. जहाज सुटलं आणि तू राहिलीस, तर मी इथून काय हात लांब करणार आहे? आपले वडील म्हणायचे, हत्ती होऊन लाकडं ओढण्यापेक्षा मुंगी होऊन साखर खावी. तुझं नाव उगीच नाही ठेवलेलं.

इकडची काळजी करू नकोस. काउंटरवर एक नवीन मुलगी ठेवली आहे. चुणचुणीत आहे. तुला शिकायला दोन महिने लागले होते ते रजिस्टर तिने दोन दिवसांत आत्मसात केलं. तुझ्याच खुर्चीवर बसते.

दादा


बंदर क्रमांक ४
२१ जानेवारी

ती. दादास सा. न.

माझ्या खुर्चीवरची उशी तिने काढली का? ती उशी मी स्वतः शिवली होती, कंबरेसाठी. काढली असेल तर कपाटात ठेवायला सांग, पुसायला घेऊ नका म्हणावं. आणि रजिस्टर शिकायला मला दोन महिने लागले, कारण तेव्हा रजिस्टरच नव्हतं. ते मी बनवलं.

तुला टोचावं म्हणून तू लिहिलंस आणि मला टोचलं. आता समाधान झालं असेल तर पुढचं वाच.

डॉक्टर विधुर आहेत, गाव आपल्यापासून तीन तासांवर, एक बहीण आहे, मुलं नाहीत. ते खूप बोलतात, पण माझं बोलून झाल्यावर. गाडी चालवायला ते कधी शिकलेच नाहीत. बायको चालवायची आणि हे शेजारी बसायचे.

या बंदरामागे एक डोंगर आहे आणि वर जुना दीपस्तंभ आहे. गावची बस तिथे जात नाही आणि गोल कागदवाल्यांची बसही जात नाही. फाटकाबाहेर भाड्याने गाड्या देणारं एक छोटं दुकान आहे, भिंतीवर खिळे आणि खिळ्यांना किल्ल्या. डॉक्टर म्हणाले, तुमच्याकडे लायसन्स आहे ना? मी म्हटलं आहे, पण चढ आहे. ते म्हणाले, मग?

मग त्यांना सगळं सांगितलं. मी सव्वीस वर्षांची असताना फिरत्या वाचनालयाच्या गाडीवर नोकरी लागली होती. गावोगाव पुस्तकं घेऊन जायचं, गाडी आपणच चालवायची, फक्त लायसन्स हजर करायचं होतं. आणि परीक्षेच्या दिवशी गोदीच्या फाटकाबाहेरच्या चढावर गाडी तीनदा बंद पडली, मी नापास झाले आणि नोकरी दुसरीला गेली. तू तेव्हापासून सांगतोस की चढ आला की माझा हात सुटतो. आम्ही पायीच निघालो, पण निम्म्यात परतावं लागलं, जहाजाची वेळ होत आली होती.

उतरताना एक बाई आमच्या शेजारून गाडीने वर गेली. माझ्याच वयाची, एकटी, कोपर खिडकीबाहेर. मला तिचा इतका हेवा वाटला की मी वळून वळून बघत राहिले.

मुंगी


३० जानेवारी

चि. मुंगीस आशीर्वाद.

तुझी उशी कपाटात आहे.

आज ड्रॉवर उघडला. पावतीपुस्तकांखाली तिकिटाचं रिकामं पाकीट मिळालं आणि त्याच्याखाली एका अर्जाची कार्बन कॉपी. परदेशात गाडी चालवायच्या परवान्याचा अर्ज. नाव तुझं, आणि शिक्का माझ्याच शाळेचा. म्हणजे घरून निघतानाच ठरवून गेलीस. तिकडे डॉक्टरांपुढे "चढ आहे हो" म्हणून भोळेपणा करायचा आणि इकडे परवाना पर्समध्ये. धन्य आहे तुझी.

आता मी जे सांगतो ते भाऊ म्हणून नाही, एकोणचाळीस वर्षं गाडी शिकवणारा माणूस म्हणून सांगतो. भाड्याची गाडी घ्यायची नाही. तिचे ब्रेक कुणी कसे वापरलेत तुला माहीत नाही. तिथले रस्ते, तिथल्या पाट्या माहीत नाहीत. आरसा दुसऱ्याच्या उंचीला लावलेला असतो. मधेच बंद पडली तर जहाज निघून जाईल. आणि चढावर तुझ्याकडून गाडी बंद पडते हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. माझ्याशिवाय तू आजवर एकदाही चालवलेली नाहीस. शेजारी मी असतो, माझ्यापुढे दुसरा ब्रेक असतो, क्लच असतो, म्हणून तुझं निभावतं. त्या दातवाल्यापुढे काय असणार आहे? त्याला जायचंच असेल दीपस्तंभावर तर त्याने या वयात शिकून घ्यावं. दुसऱ्याच्या बहिणीला ड्रायव्हर करू नये.

नवीन मुलगी गाडीही छान चालवते. काल तिला शेजारच्या सीटवर बसवून एका शिकाऊच्या गाडीत पाठवलं. म्हणतोय की तिला हळूहळू शिकवायलाच लावावं. बायकांची बॅच वाढेल.

दादा

ता. क. वन्सं, पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून या दोन ओळी. ऑफिसातल्या भिंतीवर ह्यांनी दुसरं घड्याळ लावलंय. तुमच्या पत्रात जितके तास मागे असेल तितके काटे मागे घेतात आणि संध्याकाळी त्याच्यासमोर जाऊन उभे राहतात. विचारलं तर म्हणतात, सेल तपासतोय. जपून राहा. डोंगर बघून या.


बंदर क्रमांक ६
७ फेब्रुवारी

दादा,

मी गाडी घेतली.

आधी परवान्याचं. आजवर दीडशे लोकांचे परवाने मी भरून दिले असतील. प्रत्येकाला फोटो कुठे चिकटवायचा, सही कुठे करायची ते दाखवलं, आणि तो माणूस दार लोटून बाहेर गेला की मी पुन्हा रजिस्टर उघडायचे. एकदा वाटलं, आपलाही भरून बघावा. वापरेन असं वाटलं नव्हतं. पण तुझं पत्र वाचलं, त्या मुलीला तू शेजारच्या सीटवर बसवलंस हे वाचलं, आणि मला काय झालं कुणास ठाऊक. एकतीस वर्षांत कितीदा म्हटलं होतं की बायकांना मी शिकवते. तू म्हणायचास, मुंगे, चढ घेता येत नाही आणि शिकवणार काय. आणि ती आली जानेवारीत. मी इतकी जळले की नाश्ताही अर्धा टाकला आणि सरळ फाटकाबाहेरच्या दुकानात गेले.

छोटी पांढरी गाडी होती. आधी आरसा लावून घेतला. तीन वेळा ब्रेक दाबून पाहिला. तुझ्याच सवयी सगळ्या. सपाटीवर नीट गेले. मग डोंगर लागला आणि वळणावर पुढे एक ट्रक थांबला, त्यामुळे भर चढावर मलाही थांबावं लागलं. हँडब्रेक ओढला. तू शिकवलंस तसा क्लच अर्धा सोडला, इंजिनाचा आवाज बदलेपर्यंत थांबले, आणि त्या क्षणी मी काय केलं माहीत आहे? शेजारी बघितलं. रस्ता सोडून डॉक्टरांच्या पायांकडे. त्यांनी बूट काढले होते आणि मांडी घालून आरामात बसले होते. त्यांच्यापुढे पेडलच नव्हते.

हँडब्रेक सोडला. गाडी वर गेली. एवढंच.

मला वाटलं नशिबाने साधलं. म्हणून वर जाऊन वळवली, खाली आणली आणि पुन्हा त्याच वळणावर मुद्दाम थांबवली. पुन्हा वर गेली. चार वेळा केलं. डॉक्टर म्हणाले, देखावा छान आहे पण आता पाठ झाला. पहिल्या तीन वेळा मी हसत होते. चौथ्या वेळी हसू आलं नाही.

कारण मग आठवायला लागलं. परीक्षा दुसऱ्यांदा दिली तेव्हा तुला ताप होता, शेजारी तुझा मेकॅनिक बसला होता. चढ तोच होता. तेव्हा गाडी बंद पडली नाही. तू म्हणालास, आंधळ्याचा नेम लागला. मीही तेच मानलं. त्यानंतर जेव्हा जेव्हा चालवली तेव्हा शेजारी तू, आणि चढ आला की गाडी बंद. किंवा चढाआधीच तू म्हणायचास, आण इकडे, मी घेतो.

क्लच अर्धा सुटलेला असताना शेजारच्याने ब्रेकवर नुसता पाय टेकवला तरी गाडी बंद पडते. हे मला तूच शिकवलंयस. शिकाऊ माणूस घाबरला की आपण असंच करतो, म्हणाला होतास.

परीक्षेच्या दिवशी परीक्षा घेणारे साहेब मागच्या सीटवर बसले होते. त्यांना पुढचं खालचं काही दिसत नव्हतं. मी रस्त्याकडे बघत होते. दादा, तुझा पाय कुठे होता?

मुंगी

जहाज चार तास मागे. परतायला उशीर झाला, जिना उचलायला सात मिनिटं बाकी होती. वहिनीला सांग घड्याळ लावायला.


१६ फेब्रुवारी

चि. मुंगीस.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सात मिनिटं! वर तो माणूस मांडी घालून बसलेला.

भाड्याच्या गाड्या नव्या असतात. त्यांचं इंजिन, त्यांचा क्लच सगळं हलकं असतं, शेंबडं पोरही त्या चढावर नेईल. तेव्हाची आपली गाडी जुनी होती, आठ वर्षं शिकाऊंच्या हाताखालची. ती कुणाच्याही हातून बंद पडायची. हे तुला कळत नाही असं नाही, पण हल्ली तुझ्या कानाशी कुणीतरी असतं. पूर्वी तू असले प्रश्न विचारत नव्हतीस. एकतीस वर्षं विचारले नाहीस. दातवाले भेटले आणि प्रश्न उगवले. दुखत नसलेला दात हलवून बघायची त्यांना खोडच असणार.

माझा रक्तदाब वाढलाय. डॉक्टर (आपले, खरे) म्हणाले मनस्ताप करून घेऊ नका.

नवीन मुलगी सोडून गेली. म्हणाली, तुम्ही सारखे ब्रेक मारता.

दादा

ता. क. वन्सं, हे पाकीट चौथ्या पत्राचं आहे. आधीची तीन ह्यांनी फाडली. रक्तदाब ठीक आहे, मी स्वतः बघितलाय. काय लिहिलंत तुम्ही त्यांना? मला दाखवत नाहीत. दोन दिवस झाले, शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटवर नुसते बसून असतात. गाडी उभी असते.


बंदर क्रमांक ८
२३ फेब्रुवारी

दादा,

गाडी नवी होती की जुनी हे मी विचारलं नव्हतं.

इथून पुढचं बंदर समुद्राने दोन दिवसांवर आहे, जहाज मोठा वळसा घालून जातं. रस्त्याने डोंगर ओलांडला की एक दिवस पुरतो. मी आणि डॉक्टर गाडी घेऊन निघतोय. जहाजाच्या ऑफिसात सही करून आलोय, पोहोचलो नाही तर जबाबदारी आमची. मधे दोन घाट आहेत. घाट मी चालवणार. अर्थात सगळंच मी चालवणार, डॉक्टरांना कुठे येतं.

तू त्यांच्यावर जळतोस हे मला पहिल्या पत्रापासून कळतंय. आधी हसू यायचं, नंतर बरंही वाटायला लागलं, माझ्यावरून कुणी जळतंय म्हणून. आता मात्र चीड येते. ते फक्त शेजारी बसतात, दादा. शेजारी बसणं म्हणजे काय असतं हे मला सत्तावन्नाव्या वर्षी कळलं.

जहाज एकवीस मार्चला आपल्या बंदराला लागेल. डॉक्टरांच्या बहिणीच्या घराचा वरचा मजला रिकामा आहे, भाड्याने देणार आहेत. मी विचारून ठेवलंय. घरी यायचं की तिकडे जायचं, हे तुझ्या उत्तरावर. खरं उत्तर दे. वाईट असलं तरी चालेल, खोटं आलं तर येणार नाही.

मुंगी


३ मार्च

मुंगे,

माझा पाय ब्रेकवर होता.

हे वाक्य लिहून मी उठलो, बाहेर चक्कर मारून आलो, परत येऊन पाहिलं तर तिथेच होतं. म्हणून आता पुढे लिहितो. वहिनीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती चहा ठेवायला उठली. चहा एकच कप केला, स्वतःपुरता.

तीनही वेळा मीच दाबला. पहिल्यांदा दाबला तेव्हा ठरवून नाही, पाय आपोआप गेला असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. पण दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा पाय आपोआप जात नाही.

तू गेलीस तर काउंटर कोण सांभाळणार, असं मला वाटलं म्हणून केलं, असं लिहिणार होतो. एका फाडलेल्या पत्रात तसं लिहिलंही होतं. तेही खोटं आहे. काउंटरला कुणीही मिळालं असतं. खरं ते असं. परीक्षेच्या आदल्या दिवशी तेच साहेब आपल्या ऑफिसात आले होते, तू गाडी मागे घेऊन लावत होतीस आणि ते खिडकीतून बघत होते. म्हणाले, "बहिणीचा हात तुमच्यापेक्षा हलका आहे हो." हसत म्हणाले. मीही हसलो. त्याच साहेबांनी मला तीनदा नापास केलं होतं, चौथ्यांदा पास केलं. हे तुला कधी सांगितलं नाही. तीन वेळा नापास झालेला माणूस शाळा काढून बसला होता, आणि तू दोन महिन्यांत माझ्यापुढे. वर पुस्तकं घेऊन गावोगाव फिरणार, आणि मी त्याच चार गल्ल्यांत लोकांना म्हणत बसणार, क्लच दाबा, क्लच सोडा. मला सहन झालं नाही. जळलो मी तुझ्यावर. डॉक्टरांवर आत्ता जळतोय, तुझ्यावर एकतीस वर्षांपूर्वीपासून.

आणि एकदा दाबल्यावर पुढे दाबतच राहावं लागलं. तू एकदा जरी माझ्या शेजारी चढ घेतला असतास तर तुला कळलं असतं. म्हणून प्रत्येक चढावर माझा पाय. माझा पायही थकला असेल.

माफी मागण्याइतकं तोंड मला नाही. काल मेकॅनिकला बोलावून माझ्या बाजूचे दोन्ही पेडल काढायला सांगितले. तो म्हणाला, साहेब, मग ही शिकवणीची गाडी राहणार नाही. म्हटलं, नको राहू दे. त्याला वाटलं माझं डोकं फिरलं. आज संध्याकाळी काढायला येतोय.

एकवीसला मी गाडी घेऊन गोदीच्या फाटकाबाहेर उभा राहीन. तू डॉक्टरांबरोबर गेलीस तरी चालेल. उभा राहीन.

दादा

दोन्ही घाटांत काय झालं ते मात्र लिही.


बंदर क्रमांक १०
१० मार्च

दादा,

पत्र मिळालं. जहाजावर न चढता बंदरातच एका बाकावर बसून वाचलं. डॉक्टर शेजारी होते, त्यांना वाचायला दिलं नाही. ते आपलं समुद्राकडे बघत बसले.

पहिल्या घाटात धुकं होतं, दुसऱ्यात मेंढ्या. मेंढ्यांमुळे भर चढावर पाव तास थांबायला लागलं आणि मागे नऊ गाड्यांची रांग. गाडी बंद पडली नाही. जहाजाच्या आधी पाच तास पोहोचलो आणि धक्क्यावर उभं राहून ते येताना बघितलं. आपलं जहाज बाहेरून कसं दिसतं हे त्यातल्या लोकांना कधी कळत नाही.

माफ केलं असं मी लिहिलेलं नाही, पुन्हा वाचून बघ. ती वाचनालयाची गाडी मला अजून स्वप्नात दिसते. तिचा रंग निळा होता. मी चिडलेली आहे आणि बरीच वर्षं चिडलेली राहणार आहे, ते जवळ राहून करायचं की लांबून, एवढंच ठरवायचं होतं. खरं उत्तर आलंय, म्हणून घरी येतेय. भांडायलासुद्धा समोर माणूस लागतो. वहिनीला सांग, एकवीसला चहा माझ्यासाठी ठेव. तुझा कप ती कधी ठेवेल ते तिचं ती बघेल.

आता मुद्द्याचं. पेडल का काढलेस? ताबडतोब परत बसवून घे. मेकॅनिक हसला तर हसू दे. डॉक्टरांना गाडी शिकायची आहे, पुढच्या महिन्यापासून आठवड्यातून दोनदा येणार आहेत, आणि फी पूर्ण भरणार आहेत. त्यांना मी शिकवणार. नंतर बायकांची बॅचही मीच घेणार. काउंटरला कुणीतरी बघ. म्हणजे त्या सीटवर यापुढे मी बसेन आणि ते पेडल माझ्या पायाखाली असतील. पाय दुमडून कसं बसायचं ते मी शिकून आले आहे.

एकवीसला गाडी फाटकाबाहेर आण, पण किल्ली माझ्याकडे द्यायची. डॉक्टर माझ्या शेजारी बसतील, मांडी घालून. तू मागे बस, त्या दिवशी साहेब बसले होते तिथे. फाटकाबाहेरचा चढ लागला की मी मधोमध थांबणार आहे, हँडब्रेक ओढून. मागे गाड्या हॉर्न वाजवतील, वाजवू देत. तुझे पाय मला आरशात दिसणार नाहीत, पण तोंड दिसेल. ते बघून झालं की गाडी वर नेईन.

मुंगी